ठकूबाईच्या पायातला साबुदाणा

जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांतल्या माणसांना मी जितकं आतून ओळखतो, तितकं कुणी ओळखत नाही. पुढाऱ्यांच्या बरगड्या मी मोजल्यात, पैलवानांचे खुबे पाहिलेत, आणि एका फौजदाराच्या माकडहाडावर माझा अंगठा उमटलेला आहे. आता हे सगळं पाहिलं ते डार्करूमच्या लाल दिव्याखाली, ओली फिल्म चिमट्याला टांगून, हेही खरं. आणि पहिलं वर्षभर मी ती उलटीच टांगत होतो. त्या वर्षात आमच्या डॉक्टरांना या भागातल्या सगळ्यांचं हृदय उजवीकडं दिसायचं.

हाडांच्या दवाखान्यात किस्से साठतात ते जुन्या फिल्मांसारखे. कोपऱ्यात गठ्ठा पडून असतो, टाकवत नाही. आणि एक ओढायला जावं तर दमटपणानं चिकटलेल्या आणखी दोन-चार निघतात. मी आज एकच ओढणार आहे, ठकूबाईची. बाकीच्या चिकटून आल्या तर माझा इलाज नाही.

*

आमचा दवाखाना घोडेगावच्या रस्त्याला. दहा खाटा, एक डॉक्टर, दोन सिस्टर आणि मी. माझं शिक्षण सातवी. म्हणजे सातवीत गेलो होतो, निघालो कसा ते हेडमास्तरांनाच ठाऊक. त्यानंतर ओतूरच्या एसटी स्टँडसमोर एका हॉटेलात भज्यांचं पीठ कालवायचो. डॉक्टरांनी नोकरीला ठेवताना विचारलं, "काय येतं?" म्हटलं, "पीठ कालवता येतं, गुठळी होत नाही." म्हणाले, "मग प्लास्टर जमेल." तेव्हापासून प्लास्टर, एक्सरे आणि पेशंटला हसवणं अशी तीन खाती माझ्याकडं आली. तिसरं मला कुणी दिलं नव्हतं. लोक मला प्लास्टरमामा म्हणतात.

सुरुवातीच्या दिवसांत शिनोलीच्या एका ड्रायव्हरला मांडीपर्यंत प्लास्टर घातलं. डॉक्टरांनी त्याचा पाय धरताना हातातलं घड्याळ काढून कापसाच्या घडीवर ठेवलं होतं. प्लास्टर झालं, ड्रायव्हर घरी गेला, घड्याळ काही सापडेना. मी टेबलाखाली शोधलं, बादलीत शोधलं, सिस्टरवर संशय घेऊन झाला.

ड्रायव्हर दर आठवड्याला दाखवायला यायचा आणि म्हणायचा, "सायेब, पायात टिकटिक व्हतंय." डॉक्टर त्याची बोटं हलवून बघायचे, नखं दाबून बघायचे, आणि म्हणायचे, "हाड जुळतंय. होतं असं कुणाकुणाला."

दीड महिन्यानं मी प्लास्टर कापलं. कापसातून घड्याळ निघालं, मिनिटाचा फरक नाही. डॉक्टरांनी ते पुसून हातात घातलं. ड्रायव्हर उठून बसला, पायाला कान लावायचा प्रयत्न केला, आणि घाबरून म्हणाला, "सायेब, बंद पडलं की ओ!"

*

आमच्या दवाखान्याचे खरे प्रतिस्पर्धी म्हणजे डोंगराकडचे एक हाडवैद्य. बांबूच्या कामट्या, पाला आणि घट्ट पट्टी, एवढ्यावर त्यांनी तीन पिढ्यांची हाडं बसवलेली. डॉक्टरांचं नाव काढलं की ते थुंकायचे, आणि त्यांचं नाव काढलं की डॉक्टर चष्मा पुसायचे.

एके दिवशी भर दुपारी मागच्या दारानं स्वतः वैद्यबुवा आले. मनगट मोडलेलं. बैलानं ढुशी दिली होती. म्हणाले, "एका हातानं दुसरा बांधता येत न्हाई, म्हणून आलो. कुणाला बोलू नका." डॉक्टरांनी स्वतः हाड बसवलं, मी प्लास्टर घातलं, आणि वर लांब बाहीचा सदराही चढवून दिला. पण बाहेर पडताना व्हरांड्यात त्यांच्याच गावची म्हातारी बसलेली. "अगं बया, बुवा, तुमी हितं?"

बुवा थांबलेसुद्धा नाहीत. "डॉक्टराला प्लास्टर शिकवाया आलो व्हतो," म्हणाले, "आजून कच्चा हाय."

हसण्यावारी नेऊ नका. या माणसामुळंच ठकूबाईचा पाय वाचला.

*

ठकूबाई डिंभ्याच्या धरणापलीकडच्या एका वाडीतली. तिकडं उन्हाळ्याच्या तोंडाला हिरड्याचा हंगाम असतो. झाडावर चढून कोवळा बाळहिरडा झोडायचा, वाळवायचा आणि औषधवाल्यांना घालायचा. घर त्यावर चालतं. बहुतेक घरांत गडी चढतो आणि बाई खाली वेचते. ठकूबाईच्या घरात उलटं. तिचा नवरा किसन याला दोन पायऱ्या चढल्या की घेरी येते. म्हणून चढायची ती, आणि खाली उभा राहून दिशा सांगायचा तो.

त्या दिवशी तो म्हणाला, "आजून थोडं उजवीकडं जा." ती गेली.

वाडीतल्या लोकांनी तिला दाराच्या फळीवर घालून आधी वैद्यबुवांकडं नेलं. बुवांनी गुडघ्यावरून नुसता हात फिरवला आणि कामट्या बाजूला ठेवल्या. म्हणाले, "हे माज्या हातचं नाय. आत पोकळ झालंय. डॉक्टराकडं न्या, आणि मी पाठवलंय म्हणून सांगा." डॉक्टरांनी हे ऐकलं तेव्हा चष्मा पुसला नाही.

डॉक्टरांनी विचारलं, "किती उंचावरून पडलात?"

पाय सुजून भोपळा झालेला, चेहरा पांढराफटक, तरी ठकूबाई म्हणाली, "मी कशाला पडंल? फांदी पडली. मी तिच्यासंगं आले."

मी फिल्म धुऊन आणली. डॉक्टरांनी ती लाईटच्या डब्यावर लावून दोघा नवरा-बायकोला समजावलं. नडगीचं वरचं टोक म्हणजे पाट. त्यावर मांडीचं हाड बसतं. हा पाट एका बाजूनं खचलाय. तो वर उचलायचा आणि पट्टी-स्क्रूनं धरून ठेवायचा. पण उचलला की खाली पोकळी राहणार, आणि पोकळी तशीच सोडली तर पाट परत बसणार. म्हणून कमरेचं थोडं हाड काढून तिथं भरायचं.

ठकूबाईनं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हंजी एक हाड मोडलंय म्हणून तुमी दुसरं मोडनार?"

डॉक्टरांनी फिल्म पुन्हा एकदा पाहिली. मग म्हणाले, "दुसरा एक मार्ग आहे." तेव्हा नव्वदचं दशक सरत आलं होतं, आणि पुण्याकडं बनावट हाडाचे दाणे मिळू लागले होते. कारखान्यात केलेले, पण खऱ्या हाडात असतात त्याच क्षारांचे. डॉक्टर म्हणाले, "शरीर हे दाणे हळूहळू खातं, आणि त्या जागी स्वतःचं हाड बांधतं. पण वेळ लागतो, आणि मी हे इथं पहिल्यांदाच करतोय. पाट परत खचला तर मात्र पुन्हा ऑपरेशन, आणि मग कमरेचं हाड द्यावंच लागेल."

ठकूबाईनं एकच विचारलं, "म्होरल्या हंगामाला झाडावर चडता येईल का?"

"आधी जमिनीवर चालू," डॉक्टर म्हणाले.

तिनं किसनकडं पाहिलं. किसननं जमिनीकडं पाहिलं. ती चढली नाही तर कोण चढणार, हे त्या खोलीत सगळ्यांना कळत होतं.

*

पुण्याहून बाटली आली. एवढीशी. आत पांढरे, भोकाभोकांचे दाणे. ऑपरेशनच्या वेळी पाय धरायला मी होतो, त्यामुळं ते पोकळीत पडताना मी डोळ्यांनी पाहिले. आणि माझं तिसरं खातं जागं झालं.

तिसऱ्या दिवशी वॉर्डात गेलो आणि म्हटलं, "ठकूबाई, तुमच्या पायात काय भरलंय ठाऊक आहे का? साबुदाणा. मी पाहिला ना. फक्त भिजू देऊ नका, नाहीतर फुगतो." ती हसली. शेजारच्या खाटा हसल्या. किसन हसला नाही, हे मी बघायला पाहिजे होतं.

दोन दिवसांनी सिस्टर तक्रार घेऊन आल्या. ठकूबाईचे ओठ सुकलेत, लघवी कमी झालीय, ताप तर नाही. डॉक्टर आले, जीभ बघितली. "पाणी पिता ना?" ठकूबाईनं किसनकडं पाहिलं. किसननं खाटेखालून तांब्या काढला. तो त्यानंच लपवला होता. "सायेब, दानं फुगून पाय फुटला म्हंजी?"

डॉक्टरांनी माझ्याकडं मान वळवली. मला फार वेळा कुणाची भीती वाटलेली नाही, पण त्या वेळी वाटली. आणि भीतीपेक्षा लाज जास्त. ऑपरेशन झालेली बाई माझ्या एका शब्दावर दोन दिवस तहानलेली पडून होती.

डॉक्टर ओरडले नाहीत. खुर्ची ओढून मला खाटेशेजारी बसवलं. "ठकूबाई, हा माणूस खोटारडा आहे. तुम्ही जेवढं पाणी प्याल, तेवढंच तुमच्या देखत हा पिणार. बघू कोण फुगतंय ते."

तिनं एक पेला प्यायला, मी एक. तिनं दुसरा, मी दुसरा. तिसऱ्याला तिच्या लक्षात आलं की काही होत नाही. चौथ्याला तिच्या डोळ्यांत चमक आली. सातव्याला मी हात जोडले, तेव्हा सिस्टरकडं पेला पुढं करत ती म्हणाली, "भरा अजून. मामाचा साबुदाणा कोरडा हाय."

*

यानंतर महिन्या-दोन महिन्यांनी फिल्म काढायची. पहिल्या फिल्मवर दाणे कसे दिसत होते म्हणाल, तर खडूचे तुकडे सांडल्यासारखे. पांढरेशुभ्र, कडा स्वच्छ. तिसऱ्या महिन्यात कडा लोकरीसारख्या झाल्या. पुढं पुढं दाणा कुठं संपतो आणि हाड कुठं सुरू होतं ते मलाही कळेना. डॉक्टर मला समजवायचे. आत दोन तऱ्हेच्या पेशी असतात. एक खाणाऱ्या, एक बांधणाऱ्या. खाणाऱ्या पुढं, बांधणाऱ्या मागं. म्हटलं, "आमच्या लग्नातल्या पंगतीत नुसत्या पहिल्याच तऱ्हेचे असतात."

किसननं मात्र हे वेगळ्या नजरेनं पाहिलं. एक दिवस तो एकटाच आला, दोन फिल्मा गुंडाळून. पहिल्या फिल्मवर त्यानं बॉलपेननं एकेका दाण्याला टिंब केलं होतं. "मामा, पयल्या फोटोत अठ्ठावीस व्हते. ह्यात एकोणीस. नऊ गेले कुठं?"

माझ्याकडं असा बघत होता की मी खिसे उलटे करून दाखवावेत.

मी त्याला डॉक्टरांसमोर उभा केला. डॉक्टर खूश झाले. म्हणाले, "किसनराव, दाणे कमी दिसताहेत म्हणजे काम चाललंय. जे गेले त्यांच्या जागी ठकूबाईंचं हाड आलं. काळजी करायची नाही."

किसननं फिल्मा गुंडाळल्या. दारापर्यंत गेला आणि वळून म्हणाला, "सायेब, आमच्या कनगीतलं दानं कमी झालं तर आमी त्याला उंदीर म्हनतो."

*

आता माझी दुसरी चूक. पहिल्या चुकीनंतर शहाणा झालो असं वाटत असेल तर तुम्ही मला ओळखत नाही.

त्या पावसाळ्यात सूर्यग्रहण होतं. किसन औषध न्यायला आलेला. त्यानं विचारलं, "गिरान बघायला काच कुठं मिळंल?" मी म्हटलं, "काच कशाला? घरी एवढे एक्सरे आहेत ना? त्यातून सूर्य लई भारी दिसतो." हे खोटं आहे, डोळे जातात, आणि डॉक्टरांनी याबद्दल मला नंतर जे सुनावलं ते इथं लिहिता येत नाही. पण त्या वेळी मी बोललो, तो गेला, आणि मी विसरलो.

दसऱ्याच्या सुमाराला ठकूबाई आली ती लंगडत. एक कुबडी सुटली होती, चालणं सुधारलं होतं, आणि मधेच गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला दुखायला लागलं. डॉक्टरांनी नवी फिल्म काढायला लावली, डब्यावर लावली, आणि नाक टेकेल इतके वाकले. मी त्यांना ओळखतो. पाट परत खचला की काय, हे ते बघत होते. केसभराचा प्रश्न. नुसत्या नव्या फिल्मवरून सांगता येईना. ऑपरेशननंतरची पहिली फिल्म शेजारी लावली की दोन्ही पाटांची उंची ताडून बघता येणार होती. खचला असेल तर पुन्हा टेबल, पुन्हा चिरणं, आणि कमरेचं हाड.

"पहिला फोटो काढा," डॉक्टर म्हणाले.

किसन हलेना. ठकूबाई म्हणाली, "द्या की ओ."

किसननं पिशवीतून फिल्मचा एक तुकडा काढला. पोस्टकार्डाएवढा. "वाडीत आठ घरं हायती," म्हणाला, "सगळ्यांनी मागितली. मंग आठ केले."

मी भिंतीकडं सरकलो. डॉक्टरांनी फार हळू विचारलं, "ही कल्पना कुणाची?" किसन भला माणूस. त्यानं माझं नाव घेतलं नाही, फक्त माझ्याकडं बघितलं.

"आणि ग्रहण दिसलं?"

"न्हाई सायेब. आभाळ व्हतं. पाऊस कोसळत व्हता."

"मग त्या तुकड्यांतून बघितलं काय?"

"एकमेकांना बघितलं."

*

मला डॉक्टरांनी सांगितलं, "आठही तुकडे आल्याशिवाय दवाखान्यात पाय ठेवायचा नाही." मी आणि किसन डिंभ्यापर्यंत एसटीनं आणि पुढं पायी. घराघरांत शिरलो. एक तुकडा खिडकीच्या फुटक्या तावदानात सापडला, एक कोंबड्यांच्या खुराड्यावर, एकात तंबाखू बांधलेली. एका म्हाताऱ्यानं तर दोरा लावून त्याचा गॉगल केला होता, काढून द्यायला तयार होईना, म्हणाला, "ठकीचा गुडगा माज्या डोळ्यावं लई थंड वाटतो." संध्याकाळच्या आत सात जमले. आठवा मिळेना. दुसऱ्या दिवशी सकाळी सातच घेऊन परतलो; ठकूबाईला डॉक्टरांनी तोवर दवाखान्यातच ठेवून घेतलं होतं.

जोडायचं काम माझ्या आवाक्यातलं नव्हतं. पण नशिबानं त्या दिवशी जुन्नरचे कासमभाई प्लास्टर काढायला आले होते. पत्र्याच्या पेट्या करणारा माणूस. चाळीस वर्षं पत्रा कापण्यात आणि जोडण्यात गेलेली. एका हातात प्लास्टर, तरी दुसऱ्या हातानं त्यांनी तुकडे टेबलावर मांडले, कडांवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "हे कात्रीनं कापलंय. हे विळीनं. हे कुणीतरी दातांनी तोडलंय, मामा." पाच मिनिटांत ठकूबाईचा गुडघा चिकटपट्टीनं जोडून उभा. मधोमध एक चौकोनी भोक. आणि भोक नेमकं तिथं, जिथं पाट खचला होता.

"हाच पाहिजे होता," डॉक्टर म्हणाले.

खुर्चीत बसलेली ठकूबाई पुढं सरकली. तिनं कमरेची पिशवी सोडली. पान, सुपारी, चुन्याची डबी बाजूला केली, आणि पदरानं पुसून एक तुकडा टेबलावर ठेवला. अठ्ठावीस टिंबांचा.

"हा मी कुनाकडं ऱ्हाऊ दिला न्हाई," म्हणाली. "हे माजं दानं हायती. रोज बघती."

किसन तिच्याकडं बघतच राहिला. वाडीत वाटलेला आठवा तुकडा तिनं गुपचूप परत मागून आणला होता.

डॉक्टरांनी दोन्ही फिल्मा शेजारी लावल्या. पट्टी घेऊन मोजलं. परत मोजलं. कासमभाईंनी पण वाकून एक डोळा मिटून बघितलं, पेटीचं झाकण बसतंय का बघतात तसं, आणि म्हणाले, "लेवल बरोबर आहे, डॉक्टरसाहेब."

डॉक्टर म्हणाले, "बरोबर आहे. खचलेला नाही. दुखतंय ते स्क्रूचं डोकं कातडीला घासतंय म्हणून."

मी खोलीबाहेर जाऊन हौदावर तोंड धुऊन आलो. प्लास्टरची पूड डोळ्यात जाते कधी कधी.

*

झाडाची परवानगी मात्र मिळाली नाही. डॉक्टर म्हणाले, "कुबडी टाका, चाला, भार घाला. भार पडला तरच हाडाला कळतं की कुठं जाड व्हायचं आणि कुठल्या दिशेनं बांधायचं. नुसतं पडून राहिलं तर नवं हाडही भुसभुशीत होतं. पण या हंगामाला झाड नाही."

म्हणून त्या हंगामाला किसन चढला. मी रविवारी मुद्दाम बघायला गेलो. असा देखावा सोडणारा मी नव्हे. माणसाच्या उंचीवर पहिल्या बेचक्याला मिठी मारून तो बसलेला, डोळे घट्ट मिटलेले. खाली कमरेवर हात देऊन ठकूबाई.

"आजून थोडं उजवीकडं जा."

"उजवं कुठलं?"

"डोळं उगड, म्हंजी सांगती."

त्या वर्षीचा हिरडा बराचसा झाडावरच राहिला. वाडीत कुणी हसलं नाही. हसलो तो मीच, आणि तोही परत येताना एसटीत गप्पच बसलो.

*

दीड वर्षानं पट्टी आणि स्क्रू काढायचे ठरले. टेबलाशेजारी पाय धरायला पुन्हा मी. डॉक्टरांनी एकेक स्क्रू फिरवून काढला. शेवटचा काढला तो नेमका दाणे भरलेल्या जागेतला. स्क्रू निघाला आणि भोकातून रक्ताचा थेंब वर आला. मग दुसरा.

मी घाबरलो. म्हटलं, "सायेब, काय चुकलं?"

डॉक्टर तोंडावरच्या कापडाआडून हसत होते. "चुकलं काही नाही. बघ नीट. कारखान्याच्या मालाला रक्त येत नाही."

दोन थेंब होते फक्त. मी आजवर बादल्या भरून रक्त पुसलंय, पण ते दोन थेंब पुसायला हात पुढं होईना. शेवटी सिस्टरनी पुसले.

पट्टी ठकूबाई घरी घेऊन गेली. कासमभाईंनी तिला दोन रिव्हेट मारून दिले. आज ठकूबाईच्या गोठ्याच्या दाराला त्या पट्टीचीच कडी आहे, ती म्हशीलाही उघडत नाही. किसन पाहुण्यांना सांगतो, "ही बायकोच्या पायातली."

*

त्यानंतरच्या उन्हाळ्यात ठकूबाई शेवटची फिल्म काढायला आली. न लंगडता. मागं किसन, डोक्यावर पोतं. डॉक्टरांसाठी बाळहिरडा आणला होता. कोवळा, एकसारखा, शेंड्याच्या फांद्यांवरचा. जमिनीवरून वेचलेला असा नसतो.

डॉक्टरांनी एक दाणा हातात घेऊन फिरवला. "हा कुणी काढला?"

"म्या," किसन म्हणाला, आणि छताच्या पंख्याकडं बघून लगेच डोळे मिटले.

मी फिल्म धुऊन आणली. डब्यावर लावली. अठ्ठावीस दाण्यांपैकी तीन-चार हट्टी ठिपके तेवढे राहिलेले, कोपऱ्यात. ते राहतात कधी कधी वर्षानुवर्षं, काही बिघडत नाही. बाकी सगळीकडं हाडाच्या बारीक रेषा, खालपासून वरपर्यंत, पाटाला खालून टेकू दिल्यासारख्या. डॉक्टर एवढा वेळ बघत होते की ठकूबाईनं पदराचं टोक पिळायला घेतलं.

"मी चढू नका म्हणालो होतो," डॉक्टर म्हणाले.

"तुमी म्हनाला, त्या हंगामाला न्हाई. त्यो सरला." मग आवाज खाली आणून म्हणाली, "आनि तुमीच म्हनाला ना, भार पडला तर हाडाला कळतं. मी त्याला काम सांगितलं सायेब. झालं का न्हाई हाड माजं?"

"झालं," डॉक्टर म्हणाले. "आता सगळं तुमचंच आहे."

किसननं डोळे उघडले. ठकूबाईनं पदर सोडला. आता खरं तर इथं मी गप्प बसायला पाहिजे होतं. पण तिसरं खातं.

मी पुढं झालो, फिल्मवर बोट ठेवलं आणि डॉक्टरांच्या आवाजात म्हटलं, "ठकूबाई, आमच्यापासून काही लपत नाही. ज्या हाडावर भार पडतो ते जाड होतं, ज्याच्यावर पडत नाही ते विरून जातं. तुम्ही कुठल्या झाडाच्या कितव्या फांदीवर गेलात ते मी या फोटोवरून सांगतो."

तिनं फिल्मकडं पाहिलं. मग माझ्याकडं, टाचेपासून टकलापर्यंत.

"आसं व्हय? मंग मामा, तुमच्या डोक्याचा एक फोटो काडून घ्या की. काय शिल्लक हाय का बघू."